चालू दिसतो, पण थांबलेला असतो

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘जीडीबी’ हा डीबगर आजही वापरात आहे. तो प्रत्येक थ्रेडच्या दोन अवस्था सांभाळतो: एक प्रोग्रामरला दाखवायची, दुसरी खरी.

‘आय हजार झाला तरच थांब’ असा ब्रेकपॉइंट लूपमध्ये लावला, तर थ्रेड दर फेरीला खरोखर थांबतो. डीबगर अट तपासतो, ती खोटी निघाली की त्याला पुन्हा सोडतो. पडद्यावर मात्र थ्रेड अखंड ‘चालू’!

थ्रेडच्या खऱ्या अवस्थेची नोंद जीडीबीच्या कोडमध्ये कुठूनही बदलता आली, की घोटाळा ठरलेला.

म्हणूनच जीडीबीत ‘एक्झिक्युटिंग’ नावाची ही नोंद खासगी करून ती बदलायला स्वतंत्र फंक्शन दिले गेले, हे उत्तमच झाले. अशा डागडुजीतून वापरणाऱ्याला नवे बटण मिळत नाही. साहजिकच व्यवस्थापकांना तो रिकामा उद्योग वाटतो. डीबगरच लटकला, की तेच आधी विचारतात, ‘बग सापडला का?’