पहिली संगणकभाषा

सांगली-सोलापूरकडून नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेला माणूस प्रथम कन्नड व्याकरणाचे पुस्तक उघडत नाही. ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ हा शब्द तो भाजीवाल्याकडून शिकतो. त्या एका शब्दावर व्यवहार सुरू होतो, धीर येतो आणि पुढची भाषा हळूहळू अंगवळणी पडते. संगणकाची पहिली भाषा निवडतानाही हाच न्याय लावावा, असे मला वाटते.

संगणकाला कामाचा क्रम सांगण्यासाठी जी काटेकोर भाषा वापरतात, तिला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणतात. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, या हेतूने १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात ‘बेसिक’ ही भाषा निर्माण झाली. पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषा घडवली, तर १९९१ मध्ये गिदो व्हान रोसम यांची ‘पायथन’ प्रसिद्ध झाली. आज नवशिक्यासमोर बहुधा प्रश्न असतो तो सी की पायथन, हा.

पायथनचा मोठा गुण म्हणजे सोपेपणा. पडद्यावर एक वाक्य उमटवण्यास एकच ओळ पुरते. किराणा मालाच्या बिलाची बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम थोड्याच दिवसांत लिहिता येतो. दिवसभर कष्ट करून रात्री शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. त्याच्यापाशी वेळ थोडा असतो आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ ही भीती जुनी असते. पहिले यश लवकर मिळाले नाही, तर तो शिक्षणच सोडून देण्याचा धोका असतो.

मात्र या सोपेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पायथनमध्ये वापरकर्त्याकडून ५ आणि ७ हे आकडे घेऊन त्यांची बेरीज करायला सांगितली, तर नवशिक्याला कधीकधी १२ ऐवजी ५७ हे उत्तर मिळते. कारण टंकलिखित केलेले आकडे ही भाषा मजकूर म्हणून स्वीकारते आणि दोन मजकूर एकमेकांना जोडते. त्यांचे संख्येत रूपांतर करण्याची आज्ञा आपणच द्यावी लागते. सी भाषेत मात्र कोणत्या नावाखाली कोणत्या प्रकारची माहिती ठेवायची, हे आधीच जाहीर करावे लागते. त्यामुळे माहितीचे प्रकार आणि संगणकाची स्मृती यांची जाण लवकर येते. शिवाय सी मधील प्रोग्रॅम सामान्यतः अधिक वेगाने चालतात. परंतु स्मृती हाताळताना झालेली चूक शोधणे तिथे फार कठीण जाते आणि नवशिक्या हताश होतो.

मग निवड कशी करावी? प्रा. व्ही. राजारामन यांचे कार्य येथे मार्गदर्शक ठरते. १९६० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत त्यांनी संगणकशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला. १९८२ पासून ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. प्रथम फोर्ट्रान आणि नंतर सी, अशा वेगवेगळ्या भाषांची पाठ्यपुस्तके त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिली. काळानुसार भाषा बदलत गेल्या. परंतु समस्येचे लहान टप्पे पाडणे, त्यांचा क्रम लावणे आणि उत्तर तपासून पाहणे, ही रीत कायम राहिली.

म्हणूनच नवशिक्याने पायथनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पण तिथेच थांबू नये. बारा ऐवजी सत्तावन्न उत्तर आले, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे कारण शोधण्याची सवय लागली की दुसरी भाषा शिकणे फारसे अवघड राहत नाही. ‘अमुक भाषा शिका, नोकरी मिळवा’ अशा जाहिराती भाषेचे नाव मोठे करून दाखवतात. विद्यार्थ्याने मात्र आधी स्वतःला विचारावे : या भाषेत मी आज कोणते लहानसे काम पूर्ण करू शकतो आणि ते कसे झाले, हे मला सांगता येते का?