पाय खेळाडूचा, वेळापत्रक मात्र इतरांचे

इंग्लंडचा फुटबॉलपटू जॅक विल्शर याने ८ जुलै २०२२ रोजी व्यावसायिक खेळातून निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मधल्या फळीतल्या खेळाडूची खेळाची समज या वयात पक्की झालेली असते. अनेक जण त्यापुढेही चार-पाच वर्षे सहज खेळतात. विल्शरविषयी बोलताना मात्र दोनच शब्द वारंवार कानावर येतात. एक, ‘कमनशिबी’. दुसरा, ‘नाजूक’.

आम्हाला हे दोन्ही शब्द मान्य नाहीत. ‘कमनशिबी’ म्हटले की दोष दैवावर जातो आणि ‘नाजूक’ म्हटले की खेळाडूच्या शरीरावर. दोन्हींमध्ये एक प्रश्न अलगद बाजूला सारला जातो. एकोणीस वर्षांच्या मुलाने किती खेळायचे, हे ठरवले कोणी? आरोग्याचा विचार करणाऱ्याने नशिबाशी थांबू नये. त्याने कारण शोधावे.

आधी हकीकत पाहू. विल्शरचा जन्म १ जानेवारी १९९२ चा, लंडनच्या उत्तरेकडील स्टीव्हनेज गावचा. नऊ वर्षांचा असताना तो आर्सेनल या बड्या क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. सप्टेंबर २००८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो आर्सेनलकडून लीगमध्ये उतरला. इतक्या लहान वयात लीगमध्ये खेळलेला खेळाडू तोवर त्या क्लबला मिळाला नव्हता. १६ फेब्रुवारी २०११ रोजी आर्सेनलने बार्सिलोनाला २-१ असे हरवले. समोर झावी आणि इनिएस्टा होते. त्यांच्यासमोर हा एकोणीस वर्षांचा मुलगा जराही न बिचकता खेळला. त्या हंगामातला इंग्लंडमधील सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून सहकारी खेळाडूंनीच त्याची निवड केली.

पण त्याच हंगामाचा दुसरा हिशेब पाहा. आर्सेनलसाठी तो ४९ सामने खेळला. इंग्लंडच्या मुख्य संघाकडूनही त्याची सुरुवात याच हंगामात झाली आणि ते सामने वेगळेच. उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये एकवीस वर्षांखालील खेळाडूंची युरोपीय स्पर्धा होती. त्याने तीही खेळावी का, यावर क्लब आणि राष्ट्रीय संघ यांच्यात जाहीर ओढाताण झाली. अखेर त्याला त्या स्पर्धेतून वगळले. तरीही ४ जूनला तो इंग्लंडकडून स्वित्झर्लंडविरुद्ध खेळलाच आणि जुलै संपण्याआधी नव्या हंगामाच्या तयारीचे सामने सुरू झाले. ३१ जुलै २०११ रोजी अशाच एका मैत्रीपूर्ण सामन्यात घोटा दुखू लागल्याने त्याला मैदान सोडावे लागले. तपासणीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढचा अख्खा हंगाम वाया गेला. मधल्या काळात क्लबने त्याला मानाची दहा क्रमांकाची जर्सी दिली, पण ती घालून मैदानात उतरायला २७ ऑक्टोबर २०१२ उजाडावा लागला.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू वाटते. प्रत्यक्षात ते जिवंत आहे. धावताना, उड्या मारताना हाडावर अतिसूक्ष्म इजा होतात. शरीर जुना भाग काढून तिथे नवा भरते आणि त्यातूनच हाड मजबूत होते. पण ही डागडुजी चालते विश्रांतीच्या वेळात. झीज रोजची आणि डागडुजीला सवड नाही, असे झाले की एक दिवस बारीक चीर पडते. त्यासाठी कोणी लाथ मारावी लागत नाही की खड्ड्यात पडावे लागत नाही. हाडांची भरण तर विशीतही चालूच असते. एकोणिसाव्या वर्षी खेळाडू उंचीने पुरुष दिसला, तरी त्याचा सांगाडा पुरता तयार झालेला असतोच असे नाही.

इथे कोणी म्हणेल, विल्शरच्या सगळ्याच दुखापती काही अतिश्रमाच्या नव्हत्या. खरे आहे. मार्च २०१४ मध्ये डेन्मार्कविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्ध्याचा पाय लागून त्याच्या पावलाचे हाड मोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घोट्याचे अस्थिबंध दुखावले. फुटबॉल हा धक्काबुक्कीचा खेळ आहे, हे कोणी नाकारत नाही. पण एकदा शस्त्रक्रिया झालेला घोटा पूर्वीसारखा राहतोच असे नाही. आधीची दुखापत हे पुढच्या दुखापतीचे एक मोठे कारण असते, हे क्रीडावैद्यकातले जुने निरीक्षण आहे. म्हणून पहिली दुखापत टाळणे सर्वांत मोलाचे. विल्शरची पहिली मोठी दुखापत टाळता आली असती का, याचे छातीठोक उत्तर देता येणार नाही. परंतु ४९ सामन्यांनंतर त्या मुलाला पुरेशी उसंत मिळाली होती, असेही कोणी म्हणू शकणार नाही.

दोष खेळाडूवर ढकलण्याची घाई किती असते, याचा नमुना ऑक्टोबर २०१३ मध्ये दिसला. हातात सिगारेट असलेले त्याचे छायाचित्र छापून आले आणि गदारोळ उठला. आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी नापसंती जाहीर केली, ती योग्यच होती. तंबाखूने हाड सांधायला उशीर होतो, हे आम्हीही ठणकावून सांगू. पण एका सिगारेटवर जेवढी चर्चा झाली, तेवढी वर्षाला किती सामने असावेत यावर झाली असती तर बरे झाले असते. सिगारेट एका माणसाच्या हातात दिसते. वेळापत्रक अनेकांच्या हातात असते, म्हणून कोणाच्याच हातात दिसत नाही. क्लबला विजय हवा, राष्ट्रीय संघाला तोच खेळाडू हवा, वाहिन्यांना सामने हवेत आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला आवडता खेळाडू मैदानात हवा. मग विश्रांती कोणाला हवी? ज्याचा पाय आहे त्याला. आणि एकोणीस वर्षांचा मुलगा ‘मला आज खेळवू नका’ असे कधी म्हणेल? जागा जाईल ही भीती असतेच. शिवाय त्याला खेळायचेच असते. म्हणूनच हा निर्णय एकट्या त्याच्यावर सोडता येत नाही.

पुढची कहाणी थोडक्यात. इंग्लंडकडून ३४ वा आणि शेवटचा सामना तो २७ जून २०१६ रोजी आइसलंडविरुद्ध खेळला. वय चोवीस. त्यानंतर बोर्नमथ, पुन्हा आर्सेनल, वेस्ट हॅम, पुन्हा बोर्नमथ आणि शेवटी डेन्मार्कमधला आरहूसचा क्लब. मधले काही महिने तर त्याला क्लबच नव्हता. ज्या वयात खेळाडू बहरतो, त्या वयात तो काम शोधत होता. आता तो प्रशिक्षक आहे, हे समाधानाचे.

ही जुनी गोष्ट झाली, आता विज्ञान पुढे गेले, असे कोणी समजू नये. ज्यूड बेलिंगहॅम हा आजचा इंग्लंडचा मधल्या फळीतला खेळाडू. १६ वर्षे ३८ दिवसांचा असताना तो बर्मिंगहॅम सिटीकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात ४४ सामने खेळला. मग जर्मनीतील डॉर्टमुंड, मग स्पेनमधील रिआल माद्रिद. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी एका सामन्यात त्याचा खांदा निखळला. खांद्याला आधार बांधून तो खेळत राहिला. त्या काळात त्याने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि युरो स्पर्धेचा अंतिम सामनाही खेळला. खांद्यावर शस्त्रक्रिया झाली ती जुलै २०२५ मध्ये, म्हणजे वीस महिन्यांनी, क्लब विश्वचषक आटोपल्यावर. त्याच्या शरीराने हे सोसले, याचा आनंद आहे. पण एकाने सोसले म्हणून ते सर्वांसाठी योग्य ठरत नाही. विल्शरही एके काळी सोसतच होता.

यावर उपाय आहे का? आहे, आणि त्याची सुरुवात खेळाडूंनीच केली आहे. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना १९०७ मध्ये स्थापन झाली. जून २०२४ मध्ये तिने फ्रान्समधील संघटनेसह ‘फिफा’च्या वाढत्या वेळापत्रकाविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला. गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यांना कसली संघटना, असे म्हणणारे भेटतात. आमचे मत वेगळे आहे. श्रम हे श्रमच असतात. पगार मोठा असला म्हणून हाड जास्त भार पेलत नाही. कामाचे तास आणि विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क असेल, तर मैदानावर घाम गाळणाऱ्याचाही तो आहे.

आणि हाडाला लंडन-नागपूर कळत नाही. पायाचे हे दुखणे वैद्यकाने प्रथम फुटबॉलपटूंत नव्हे, सैनिकांत ओळखले. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आपली मुले-मुली त्याच रांगेतली आहेत. कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळणारीही.

म्हणून वाचकांना काही गोष्टी स्पष्ट सांगतो. धावताना हाडाच्या एकाच जागी दुखते, बोट ठेवले की नेमके तिथेच कळ येते, विश्रांतीने थांबते आणि खेळताच परतते, तर ते ‘अंग मोडून येणे’ नव्हे. रात्रीही दुखू लागले तर मुळीच थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर दिसतेच असे नाही. तेव्हा एक्स-रे चांगला आला, तरी दुखणे सुरू असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरवू नका. गोळीने दुखणे कळेनासे होते, चीर वाढतच राहते. वाढत्या वयातल्या मुलांना आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. सराव एकदम वाढवू नका. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, हा सोपा नियम लक्षात ठेवा. पोटभर जेवण, दूध, डाळी, अंडी, कोवळे ऊन आणि पुरेशी झोप हाही सरावाचाच भाग आहे. मुलींची पाळी सरावाच्या काळात बंद झाली, तर ते हाडांना धोका असल्याचे लक्षण असू शकते. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मूल ‘दुखतंय’ म्हणाले, तर त्याला रडूबाई म्हणू नका. दुखणे सांगितल्यावर टोमणा मिळतो, हे एकदा कळले की मूल पुढच्या वेळी सांगत नाही. दुखणे सांगणाऱ्या मुलाला संघातली जागा जाण्याची भीती वाटू नये, एवढी हमी प्रशिक्षकांनी आणि पालकांनी मिळून द्यावी. ‘आज नको, बस’ असे त्याला सांगणारे मोठे माणूस मैदानाच्या कडेला असले पाहिजे. त्या माणसाला त्या दिवशीच्या विजयापेक्षा त्या मुलाची पुढची दहा वर्षे मोलाची वाटली पाहिजेत.