आधी जागा धरा, मग फोटो जोडा



आपल्या बेटावरील बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी आज विलायतेत आहे. तिकडे गेलो की सारे नातेवाईक एकत्र येतात आणि फोटो निघतो. अशाच एका फोटोविषयी आज लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी लंडनच्या एका बागेत आमचे चाळीस माणसांचे कुटुंब जमले. एका फोटोत सारे मावेनात. म्हणून मी कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवीत चार फोटो काढले व घरी येऊन संगणकावर जोडले. मागची झाडे सुरेख जुळली. पण मधोमध बसलेल्या आमच्या आईचा खांदा तुटला आणि शेजारच्या नातवाला दोन डोकी आली. संगणकाला दोष देऊन मी मोकळा झालो. सुटे फोटोही पुसून टाकले. आज आई नाही आणि सर्वांचा दुसरा फोटोही नाही. नाचता येईना, अंगण वाकडे, हीच माझी गत होती.

चूक संगणकाची नव्हती, माझ्या उभे राहण्याची होती. ही गोष्ट विलायतेतच सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून झाली आहे. एडिनबरोचे चित्रकार रॉबर्ट बार्कर यांनी सभोवारचा सबंध देखावा रंगविण्याच्या रीतीचे पेटंट १७८७ साली घेतले. त्यांचे सांगणे साधे होते: चित्रकाराने आपली जागा पक्की करावी, वळत वळत दिसेल ते सलग रेखाटावे, उजेड-सावलीकडे लक्ष ठेवावे आणि जेथे आरंभ केला तेथेच येऊन मिळावे. त्यांचा मुलगा हेन्री याने लंडनच्या आल्बियन मिलच्या छपरावरून रेखाटने केली. ती गिरणी १७९१ साली जळाली. पण त्या छपरावरून दिसणारे लंडन सहा जोडचित्रांत छापले गेले व टिकले.

आता जागा पक्की करणे म्हणजे काय? अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतो. हात लांब करून कॅमेरा फिरवला की भिंग असेच जागा सोडते. दूरच्या डोंगराला त्याने फारसा फरक पडत नाही, जवळच्या माणसाला मात्र पडतो. म्हणून भिंग एका जागी ठेवून आपणच त्याच्याभोवती पावले टाकावीत. ट्रायपॉड असल्यास तो भिंगाच्या पुढच्या भागाखाली फिरेल असा लावावा. कॅमेऱ्याच्या पाठीखाली नव्हे.

प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान तिसरा हिस्सा पुन्हा यावा. उजेडाचे माप व फोकस पहिल्या फोटोत ठरवून तेच शेवटपर्यंत कायम ठेवावे, नाहीतर आकाशात पट्टे दिसतात. माणसांच्या रांगेत मधे थोडी मोकळी जागा सोडावी, म्हणजे सांधा तेथून जाईल. मंडळींना क्षणभर स्तब्ध राहण्यास सांगावे.

जोडताना संगणक दोन फोटोंतील समान खुणा शोधतो. त्या आपण तपासाव्यात. खिडकीचा कोपरा, भिंतीची कड ही खरी खूण. हलते पान, ढग किंवा माणसाचा हात ही खोटी. खुणा वरपासून खालपर्यंत पसरलेल्या असाव्यात, एकाच कोपऱ्यात गर्दी नसावी. खोट्या खुणा काढून टाकल्या की जोड पुष्कळ सुधारतो.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? आजचा फोन क्षणात सारे जोडून देतो. खरे आहे. पण तो जेथे चुकतो तेथे सांधा बेमालूम पुसूनही टाकतो, आणि त्या गुळगुळीतपणात कोणाचा तरी हात किंवा चेहरा नाहीसा होतो. डोंगराच्या देखाव्यात ते खपेल. कुटुंबाच्या फोटोत खपू नये. आपले पूर्वज कसे दिसत होते हे किती घरांत आज सांगता येते? पुढच्या पिढीवर ती वेळ आपण का आणावी?

तेव्हा माझी विनंती इतकीच. मंडळी पांगण्यापूर्वी जोडलेला फोटो मोठा करून प्रत्येक चेहरा पाहा. चुकला असेल तर तेथेच पुन्हा काढा. आणि सुटे फोटो कधीही पुसू नका. जोड उद्या सुधारता येईल. गेलेले माणूस पुन्हा रांगेत बसविता येणार नाही.