बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं ते कशासाठी?

बारावीनंतर 'मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणार' असं एखादी मुलगी म्हणाली, की तिला चार आक्षेप ऐकावे लागतात. पहिला: माणसाचं मन आजीलाही कळत होतं, त्याला कॉलेज कशाला? दुसरा: हे शास्त्रच नव्हे. तिसरा: एम.ए. केल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. आणि चौथा: हे परदेशी ज्ञान, आपल्या माणसांना लागू पडत नाही.

यांतला एकही आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण चारही आक्षेप एका समजुतीवर उभे आहेत: मानसशास्त्राची पदवी म्हणजे दुसऱ्याचं मन ओळखण्याची किंवा बरं करण्याची विद्या. आक्षेप घेणारे तसं मानतात आणि प्रवेश घेणारे अनेक जणही तसंच मानतात. माणसाविषयी केलेला कोणताही दावा पुराव्यावर कसा पारखायचा, हे शिकवणं या पदवीचं खरं काम आहे. या लेखातला पक्ष एवढाच, आणि तो पूर्ण जबाबदारीनं मांडलेला आहे.

आधी आजीचा मुद्दा. अनुभवातून आलेलं शहाणपण खरं असतं, पण ते दोन्ही बाजूंनी बोलतं. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हेही तेच सांगतं आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हेही तेच. स्वभाव बदलतो की नाही? कोणता गुण संगतीनं बदलतो, किती आणि कोणत्या वयात? म्हण इथे गप्प बसते. घडून गेलेल्या गोष्टीला साजेशी म्हण नेहमीच सापडते. पुढे काय घडेल हे सांगायची वेळ आली, की दोन्ही म्हणी हाताशी असूनही निर्णय होत नाही.

शहाणपणाचा अंदाज कसा चुकतो, याचं एक उदाहरण घ्या. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञानं गोळा केल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध केल्या. धक्का जोरात जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या या अफवा होत्या. हादरलेली माणसं एकमेकांना धीर देणाऱ्या गोष्टी सांगतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात लोक सांगत होते ते याहून मोठ्या संकटाचं भाकीत: चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा जबर भूकंप होणार, पाटण्यावर वादळ येणार. पुढे दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून खरोखरच हानी झाली, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवांचा अभ्यास केला. तिथे येऊ घातलेल्या महासंकटाच्या अशा कंड्या पिकल्या नव्हत्या.

अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांनी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले. ज्यांच्या मनात भीती होती पण डोळ्यांसमोर भिण्याजोगं काही नव्हतं, त्यांना आपल्या भीतीला शोभेल असं कारण हवं होतं आणि ते अफवांनी पुरवलं, असा अर्थ त्यांनी लावला. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धांताच्या मुळाशी हा विचार आहे. प्रत्यक्ष हानी झालेली जागा आणि नुसता धक्का जाणवलेली जागा यांची तुलना केल्याशिवाय हे हाती लागलं नसतं. नुसत्या शहाणपणाला अशी तुलना सुचत नाही. ती करायची सवय लावावी लागते.

दुसरा आक्षेप शास्त्रीयतेचा. त्याचं उत्तर पदवीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला मिळतं. म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. एका पट्टीवर दोन रेषा असतात: एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. समोर बसलेल्या प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्यानं, पट्टी सरकवून दोन्ही रेषा सारख्या करायच्या. सारख्या झाल्या असं तो म्हणाला, की मागच्या मोजपट्टीवर फरक वाचायचा आणि वहीत मिलिमीटरमध्ये लिहायचा. मग पुन्हा. एकदा लांबीकडून आखूडपणाकडे, एकदा उलट. कारण पट्टी कोणत्या दिशेनं सरकते याचाही उत्तरावर परिणाम होतो. मग मध्यमान आणि प्रमाण विचलन काढायचं. रेषा फसव्या आहेत हे प्रयुक्ताला आधी सांगितलं तरी त्याचा डोळा फसतोच. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला इथे दोन गोष्टी स्वतःच्या हातांनी कळतात: माहीत असणं आणि दिसणं वेगळं असतं, आणि न दिसणारी चूकही मोजता येते.

मानसशास्त्रातले निष्कर्ष कोसळले, त्याचं काय, असं यावर विचारलं जातं. ते खरंच कोसळले. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष हाती आला. मूळ अभ्यासांत हे प्रमाण ९७ टक्के होतं. ही पडताळणी कुण्या बाहेरच्या टीकाकारानं केलेली नव्हती. शेकडो मानसशास्त्रज्ञांनी आपल्याच विषयाची झडती घेतली आणि निकाल जगासमोर ठेवला. जे क्षेत्र स्वतःच्या चुका मोजून छापतं, त्याला अशास्त्रीय कसं म्हणावं? पदवीच्या वर्गात हे प्रकरण लपवू नये, उलट पहिल्याच वर्षी शिकवावं.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. इथे स्पष्ट बोललं पाहिजे: बी.ए. झालेली व्यक्ती मानसोपचार करू शकत नाही आणि तिनं करूही नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं विशेष शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. तीन वर्षांच्या पदवीवर पाटी लावून लोकांची दुःखं हाताळणं हा रुग्णांवर अन्याय आहे.

पण म्हणून पदवी निरुपयोगी ठरते का? गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं केलेला प्रयोग पाहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना, मानसिक आरोग्याचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. नैराश्यात माणूस ज्या कामांपासून दूर गेलेला असतो, ती त्याला थोडी थोडी पुन्हा सुरू करायला लावायची, असं या उपचाराचं सूत्र. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी यांतले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या लक्षणांतून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा थोड्या सुधारित स्वरूपात मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

पदवी नसलेल्यांनीच हे काम केलं, मग पदवी कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्या उपचाराची नियमपुस्तिका, नैराश्य मोजणारी प्रश्नावली, भेटींच्या ध्वनिमुद्रणावरून दर्जाला गुण देण्याची रीत, दोन गटांची चिठ्ठ्यांसारखी यादृच्छिक विभागणी, हे सगळं मानसशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या शिस्तीतून आलेलं होतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये दाखवून दिलं, की आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. ही दरी भरायला तज्ज्ञ लागतील, तसे प्रश्नावली नीट भरून घेणारे, नोंदी ठेवणारे, धोक्याची लक्षणं ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठवणारे हजारो हातही लागतील. नीट शिकलेला पदवीधर या कामाला तयार असतो. शाळेत, कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात, ग्राहक सर्वेक्षणात, स्पर्धा परीक्षेच्या ऐच्छिक विषयातही हीच शिस्त कामी येते.

आता परदेशी ज्ञानाचा आक्षेप. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं, की नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयुक्त जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले होते. तक्रार रास्तच आहे. पण तिचा निष्कर्ष 'म्हणून शिकू नका' असा निघत नाही; 'म्हणून इथे मोजा' असा निघतो. वर सांगितलेला रेषांचाच भ्रम घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी तो निलगिरीतल्या तोडा लोकांवर मोजला आणि इंग्रजांपेक्षा ते या भ्रमाला कमी बळी पडतात असं त्यांना आढळलं. डोळ्यासारखी गोष्टसुद्धा सगळीकडे सारखी वागत नाही, हे मोजल्यावरच कळलं.

आणि हे काम मराठीतही झालेलं आहे. वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्यानं बसवली. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांना कोणता प्रश्न कोणत्या वयात सुटतो, हे त्यांनी तपासलं. बिने-कामत चाचणी त्यानंतर अनेक दशकं वापरात राहिली. १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू करणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते, आणि या संस्थेनं बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर इथल्या मुलांसाठी काम केलं.

राहतो तो प्रश्न महाविद्यालयांचा, कारण वर केलेलं सगळं समर्थन एका अटीवर उभं आहे: पदवी तशी शिकवली गेली पाहिजे. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा एक रस्ता त्यानं बंद झाला, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयांवरची जबाबदारी वाढली आहे. साधनांचं कपाट कुलपात, जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीच्या वहीतून उतरवलेलं आणि संख्याशास्त्राचा पेपर गाईडवर काढलेला असेल, तर हजेरीपटावर सही करून मिळणारं शिक्षण दूरस्थच आहे. प्रवेश घेणाऱ्यांनी आणि पालकांनी माहितीपत्रकातल्या नोकऱ्यांच्या यादीआधी हे विचारावं: प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीत किती विद्यार्थी असतात? आकडे स्वतः गोळा करावे लागतात का? शाळेत, आरोग्य केंद्रात किंवा वस्तीत जाऊन करायचा प्रकल्प आहे का? मराठीत तपासून घेतलेल्या चाचण्या वापरायला मिळतात का? या चार प्रश्नांना समाधानकारक आणि नेमकं उत्तर देणारं महाविद्यालय असेल, तर मानसशास्त्र घ्यायला कुणाचीही परवानगी मागायची गरज नाही.