खेळ मोठा, पण छाती होईना

आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कोणापुढेही व्हिडिओ गेमचा विषय काढा, तो हमखास एकच तक्रार करील. पूर्वीच्या खेळांत जीव होता. आताचे खेळ दिसायला देखणे, पण आतून पोकळ. कॅसेट फुंकून यंत्रात खुपसायची, चित्र हलले की पुन्हा काढून फुंकायची, आणि एवढ्या उपद्व्यापानंतर पडद्यावर जो मिशीवाला प्लंबर टुणटुण उड्या मारू लागे, त्याची सर आजच्या चकचकीत योद्ध्यांना नाही, असे त्याचे म्हणणे. यात लहानपणाच्या आठवणींचा वाटा मोठा असतो, हे उघडच आहे. आपल्या वेळचे नाटक, आपल्या वेळचे क्रिकेट आणि आपल्या वेळचा आंबा प्रत्येक पिढीला गोड लागतो. पण ही तक्रार नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या धंद्यात खरोखरच काहीतरी बदलले आहे. मात्र जे बदलले, ती खेळ रचणाऱ्यांची ऊर्मी नव्हे. त्यांच्या चुकांचा खर्च कोणी सोसायचा, ते बदलले आहे. (‘गेमिंग’ म्हटले की आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने बंदी घातलेले ऑनलाइन पैशांचे खेळ आठवतात. त्यांचा इथे संबंध नाही. इथे गोष्ट चालली आहे ती कल्पनेच्या खेळांची.)

एक जुनी हकिगत पाहा. क्योटोची निन्टेन्डो ही मूळची पत्ते तयार करणारी कंपनी, १८८९ सालची. तिचा ‘रडार स्कोप’ नावाचा खेळ अमेरिकेत साफ पडला आणि नाणे टाकून खेळायची सुमारे दोन हजार यंत्रे गोदामात पडून राहिली. ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत बसेल असा नवा खेळ रचण्याचे काम कंपनीने शिगेरू मियामोतो या तरुणाकडे सोपवले. हा औद्योगिक डिझाइनचा पदवीधर. तोवर त्याने एकही खेळ स्वतंत्रपणे रचलेला नव्हता. त्याने एक दांडगा वानर, त्याने पळवलेली एक मुलगी आणि तिला सोडवायला धावणारा एक सुतार अशी गोष्ट रचली. तोच १९८१ चा ‘डाँकी काँग’, आणि तो सुतारच पुढे धंदा बदलून मारिओ झाला. ही गोष्ट नेहमी प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. खेळ पडला असता तर मियामोतोचे घर गहाण पडणार नव्हते. नुकसान कंपनीचे, पगार त्याचा.

अर्थात तो काळ अगदीच सोन्याचा होता असे नाही. अटारी कंपनीने १९८२ मध्ये स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’ चित्रपटावरचा खेळ नाताळचा बाजार गाठण्यासाठी एका माणसाकडून जेमतेम पाच आठवड्यांत करवून घेतला. न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावाच्या कचराडेपोत पुरण्यात आल्या आणि २०१४ मध्ये त्या खणून वर काढण्यात आल्या. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ चालला, तेव्हा त्याच्या नकलांचा पूर आला. आपल्याला अस्सल तेवढे आठवते, नकला विसरल्या जातात.

मग फरक कुठे पडला? एका मालिकेच्या तारखाच पुरेशा बोलक्या आहेत. जपानच्या स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग १९९७ मध्ये आला, आठवा १९९९ मध्ये, नववा २००० मध्ये, दहावा २००१ मध्ये. त्याच मालिकेचा पंधरावा भाग आला २०१६ मध्ये आणि सोळावा २०२३ मध्ये. म्हणजे पंधरावा भाग खेळणारा दहावीचा मुलगा सोळावा हाती पडेतो पदवी घेऊन बसला!

इतका वेळ म्हणजे तितकाच पैसा. तो किती, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. पण २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हिजन खरेदीवरून अमेरिकेत खटला उभा राहिला आणि त्यात सोनीने काही कागद दाखल केले. गुप्त आकडे काळ्या पेनने खोडले होते, पण शाई पातळ पडली आणि खालचे आकडे लोकांनी सहज वाचले. ‘द लास्ट ऑफ अस’च्या २०२० मधील दुसऱ्या भागाचा खर्च होता बावीस कोटी डॉलर. आपल्या रुपयांत अठराशे कोटींच्या वर. चांद्रयान-३ मोहिमेचा खर्च सुमारे सहाशे पंधरा कोटी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या धंद्याच्या अवाढव्यपणाची कल्पना येईल. एवढी रक्कम लावणारा माणूस नवी वाट शोधत नाही, मळलेली वाट धरतो. म्हणूनच दुसरा भाग, तिसरा भाग, जुन्याची नवी आवृत्ती.

गंमत अशी, की मळलेली वाटही सुरक्षित निघत नाही. सोनीचा ‘काँकॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला. इतरांनी यशस्वी करून दाखवलेल्या ठरीव साच्याचा, गटागटाने गोळीबार करण्याचा. दोन आठवड्यांत तो बंद करून ग्राहकांचे पैसे परत करावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये तो करणारी संस्थाही बंद झाली.

याहून खिन्न करणारी गोष्ट ‘हाय-फाय रश’ची. टोकियोची टँगो गेमवर्क्स ही भयकथांच्या खेळांसाठी ओळखली जाणारी संस्था. तिने जानेवारी २०२३ मध्ये अचानक एक रंगीबेरंगी, खट्याळ, गाण्याच्या ठेक्यावर ठोसे मारायचा खेळ बाहेर काढला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. सर्व कसोट्यांवर तो यशस्वी ठरल्याचे मालक कंपनीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅनिमेशनसाठी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने संस्थाच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ती विकत घेतली म्हणून तगली. पडला तर नोकरी जाते हे समजू शकते. पण चालला तरी जाते म्हटल्यावर पगारदार माणसाने नवे काही कशासाठी करून पाहावे?

ज्यांना राहवत नाही ते बाहेर पडतात. गियोम ब्रोश हा असाच एक फ्रेंच तरुण युबिसॉफ्ट या बड्या कंपनीतली नोकरी सोडून बाहेर पडला. फ्रान्सच्या माँपेलिये शहरात तिशीएक जणांची संस्था उभी राहिली. संगीतकार सापडला तो इंटरनेटवर आपल्या चाली टाकणारा एक अनोळखी मुलगा. बड्या कंपन्यांनी कालबाह्य ठरवलेली, आधी आपला डाव मग प्रतिस्पर्ध्याचा, अशी सारीपाटासारखी पाळीपाळीने लढायची पद्धत त्यांनी मुद्दाम घेतली. स्क्वेअरने आपल्या ‘फायनल फँटसी’त हीच पद्धत टाकून दिली होती. एप्रिल २०२५ मध्ये आलेला हा ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ तीन दिवसांत दहा लाख खपला आणि डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम ठरला. तीस जणांची ही दंतकथा थोडी चिमटीत धरूनच घ्यावी. बाहेरचे कोरियन अ‍ॅनिमेटर होते, पाठीशी प्रकाशक होता. तरी मरणावर आणि शोकावर असा खेळ अठराशे कोटींच्या बैठकीत मंजूर झाला असता, असे मला वाटत नाही.

तेव्हा धाडस संपले, असे कोण म्हणेल? ते जागच्या जागी आहे, फक्त त्याचा पत्ता बदलला आहे. पण नव्या पत्त्यावर राहणे महागात पडते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गोड खेळ एरिक बॅरोनने चार-साडेचार वर्षे एकट्याने खपून केला. त्या काळात तो सिअ‍ॅटलच्या एका नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवण्याचे काम करी आणि घरखर्चाचा भार मैत्रिणीवर होता. २०१६ मध्ये खेळ आला, कोट्यवधी प्रती खपल्या, आणि त्याची कथा सर्वतोमुखी झाली. परंतु संगणकी खेळांच्या ‘स्टीम’ या एकाच दुकानात २०२४ मध्ये सुमारे एकोणीस हजार नवे खेळ दाखल झाले. त्यातले बहुतेक कोणी उघडूनही पाहिले नाहीत. त्या घरांच्या कथा छापून येत नाहीत.

आपल्या दारातही हेच चालले आहे. ब्रोशने सोडलेल्या त्याच युबिसॉफ्टची कचेरी पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून सुरू झाली. या दोन कचेऱ्यांकडे मोठे काम आले, ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या २००३ मधल्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याचे. पहिली झलक पाहून चाहत्यांनी नाके मुरडली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला हलवण्यात आले. मियामोतोलाही दुसऱ्याच्या पडलेल्या खेळाची यंत्रेच मिळाली होती. पण त्यांत काय भरायचे ते त्याच्यावर सोडले होते.

त्याच पुण्यात नोडिंग हेड्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ रचला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी डोंबारी पोर, पाठीशी दुर्गा, आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या. इंटरनेटवर वर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही. जवळची पुंजी घालून २०२० मध्ये खेळ पुरा झाला आणि पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या आंतरराष्ट्रीय नामांकनांत पोचला.

मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली. तिथून मुले तरबेज होऊन बाहेर पडतील, बहुतेकांना परदेशी खेळांचे तुकडे करून देण्याची बऱ्या पगाराची नोकरीही मिळेल. त्यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी एके रात्री जेवताना सांगेल, की नोकरी सोडून स्वतःचा खेळ करायचा आहे, तीन वर्षे लागतील. त्या तीन वर्षांचे घरभाडे कोणी भरायचे, हा प्रश्न पूर्वी क्योटोच्या कचेरीत सुटत होता. आता तो त्या ताटांसमोरच पडणार आहे.