एकोणतीस मार्क गेले कुठे?

निकाल लागल्यावर पहिले आठ दिवस परीक्षा विभागाच्या खिडकीशी मी स्वतः बसते. परीक्षा समितीवर आहे म्हणून बसावं लागतं, आणि तेवढे दिवस आमच्या एकट्या क्लार्कच्या अंगावर अख्खं कॉलेज धावून येतं म्हणूनही. तालुक्याच्या गावातलं कॉमर्स कॉलेज आहे आमचं. ‘केटी लागली का’, ‘निकाल राखीव का दाखवतोय’, ‘आईच्या नावात चूक झालीय’ असे प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरंही ठरलेली. गेल्या वर्षी मात्र एका प्रश्नाने माझी बोलती बंद केली. मी ३१ वर्षं अकाउंट्स शिकवतेय. आकड्यांपुढे गप्प बसायची मला सवय नाही.

दोघी चुलत बहिणी. एकाच वाडीतल्या, एकाच एसटीने येणाऱ्या, एकाच वर्गातल्या. त्यांतल्या एकीचे वडील दोन्ही मार्कशीट घेऊन आले होते. रिक्षा स्टँडला लावून आलेले, खाकी शर्टाच्या खिशात परमिटचे कागद. म्हणाले, “मॅडम, एवढंच सांगा, हिचे मार्क जास्त की तिचे? घरात दोन दिवस हाच विषय चाललाय. सख्ख्या भावाशी वाद नको मला.”

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पुतणीचे मार्क होते ६०, ६१, ६०, ६२, ६०. त्यांच्या लेकीचे ६९, ६८, ६९, ६७ आणि ५९. मार्क छापलेले होते, बेरीज मात्र कुठे छापलेली नव्हती. ती मी पेन्सिलीने केली. पुतणी ५०० पैकी ३०३, लेक ३३२. लेक २९ मार्कांनी पुढे. पण खाली ठळक अक्षरांत छापलेला एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरच्या गुणांकांची सरासरी, पुतणीचा ८.०० आणि लेकीचा ७.८०.

“म्हणजे काँप्युटरची चूक?” त्यांनी विचारलं.

चूक नव्हती, तीच तर पंचाईत. हिशेब नियमाप्रमाणे बरोबर होता. आमच्याकडे ६० पासून ७० च्या आतपर्यंत ‘ए’ श्रेणी, तिचे गुणांक ८. त्याखाली ५५ पासून ६० च्या आत ‘बी प्लस’, गुणांक ७. पुतणीचे पाचही पेपर ‘ए’मध्ये बसले, सगळीकडे ८, सरासरी ८. लेकीचे चार पेपर ‘ए’मध्ये, एक ‘बी प्लस’मध्ये. चार आठे बत्तीस आणि सात, एकोणचाळीस. भागिले पाच, ७.८. पेपर सगळे सारख्या क्रेडिटचे, त्यामुळे तिथेही काही गडबड नाही. ६९ ला ८ आणि ६० ला पण ८. लेकीने चार पेपरांत जे सात-आठ-नऊ मार्क वरचे मिळवले ते हवेत गेले, आणि पाचव्या पेपरात एक मार्क कमी पडला तो मात्र वसूल झाला.

तो पाचवा पेपर अकाउंट्सचा होता. माझ्याच विषयाचा. त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हटलं नाही, पण कागदावर त्यांचं बोट तिथेच टेकलेलं होतं.

“रिचेकिंगला टाकू का? एकच तर मार्क पाहिजे.”

मी पुन्हा पेन्सिल घेतली. ५९ चे ६० झाले तर एसजीपीए ८.००. म्हणजे ३० मार्कांनी पुढे जाऊन ती बहिणीच्या बरोबरीला येणार. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायची, त्याची फी, मग पुनर्मूल्यांकनाची फी. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय, पण हक्क आणि फी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. त्यांनी कागद घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, “राहू दे मॅडम. जास्त शिकली तर कमी मार्क, एवढं कळलं.”

त्यांचं वाक्य चुकीचं आहे हे मला सिद्ध करता येईना.

एफवायच्या पोरांना पहिल्या महिन्यातच मी एक गोष्ट घोकून घेते. राउंडिंग शेवटी एकदाच करायचं, प्रत्येक ओळीला नाही. व्याज काढा, घसारा काढा, पैसे तसेच पुढे न्या आणि अखेरच्या आकड्याला काय तो रुपया गोल करा. दर ओळीला गोल करत गेलात तर ताळेबंद जुळणार नाही, आणि जुळला तर तो योगायोग समजायचा. इथे विद्यापीठ दर पेपरला राउंडिंग करतं, तेही पैशांचं नाही. ६९ रुपयांतले नऊ रुपये सोडून द्यायचे! एखाद्या पोराने परीक्षेत असा हिशेब मांडला तर मी त्याला ‘बी प्लस’ सुद्धा देणार नाही.

आता श्रेणीपद्धत आली कशासाठी, तेही सांगायला हवं, नाहीतर माझी गणना ‘आमच्या वेळी फर्स्ट क्लास म्हणजे फर्स्ट क्लास’ म्हणणाऱ्यांत व्हायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४-१५ च्या सुमारास निवडीवर आधारित क्रेडिट पद्धत देशभर लावायला घेतली तेव्हा दहा गुणांकांची पट्टी सुचवली. ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, असं उतरत ‘पी’ म्हणजे ४ आणि नापास शून्य. हेतू चांगला होता. एकेका मार्काची मारामारी थांबावी, निरनिराळ्या विद्यापीठांचे निकाल शेजारी ठेवता यावेत. पण कुठल्या श्रेणीला किती टक्के हे ठरवणं विद्यापीठांवर सोडलं. त्यामुळे कुठे ८० ला ‘ओ’ मिळतो, कुठे ९० ला. २०२१ पासून क्रेडिटची बँकसुद्धा निघालीय. मुलाने इथे मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा होतात, उद्या दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. बँक म्हटली की मी आधी विचारते, चलन एकच आहे ना? क्रेडिटचे तास जुळतील, श्रेणीचं काय?

आमचे स्टॅटिस्टिक्सचे सर या विषयावर माझ्याशी हमखास वाद घालतात. त्यांचं म्हणणं, “५९ आणि ६० यांत फरक असतोच कुठे? तुम्ही सकाळी तपासला असता तर ६१ दिले असते, संध्याकाळी ५७. मग मार्क धरून कशाला बसता?” मुद्दा खरा आहे. कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर, बसलेल्या कुणालाही तो नाकारता येणार नाही. दुपारी चारचा चहा येऊन गेलाय, पंखा आवाज करतोय, चाळिसावी उत्तरपत्रिका समोर आहे आणि पोराने रोजकीर्द नोंदी पेन्सिलीने केल्यात. त्यावेळचा एक मार्क म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण मग त्याच एका मार्कावर अख्खा गुणांक का टांगायचा? मार्क भरवशाचा नसेल तर ६० वर पायरी बांधणं हा अन्यायच. गुणांक ५९ ला ५.९ आणि ६० ला ६ असा सरळ चढत गेला, तर माझ्या चहाआधीच्या आणि चहानंतरच्या मूडचा फटका मुलीला एक दशांशाचा बसेल. आज तो पूर्ण एकाचा बसतो.

आणखी एक, आमच्याच जातीचं गुपित. ३८-३९ आले की तपासणाऱ्याचा हात थबकतो. पानं पुन्हा उलटली जातात, राहिलेली अर्धी नोंद सापडते, पोरगं पास होतं. पासिंगसाठी ग्रेस मार्कांचीही सोय आहे. निकालपत्रकाच्या तळाला ग्रेसच्या चिन्हांची बारीक अक्षरांतली यादीच असते. ५९ शी मात्र कुणाचाही हात थबकत नाही. ५९ म्हणजे चांगलेच मार्क, पुढची उत्तरपत्रिका घ्या. पूर्वी क्लास एकूण बेरजेवर मिळायचा, त्यामुळे एका पेपरातला हा ढिसाळपणा दुसऱ्यात भरून निघायचा. आता प्रत्येक पेपरात पायऱ्या आहेत, आणि एका पेपरातले शिलकी नऊ मार्क दुसऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे दुखणं वाढवलंय. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, आणि त्यांत दोन-दोन क्रेडिटचे ५० मार्कांचे पेपर कितीतरी. ५० पैकी ३४ म्हणजे ६८ टक्के, ३५ म्हणजे ७०. एक मार्क इकडचा तिकडे, की श्रेणी बदलली. पेपर लहान झाले तशा पायऱ्या उंच झाल्या.

एवढं करून जगाने टक्के विचारायचं सोडलंय का? आमच्या बहुतेक पोरी बँकेच्या परीक्षेला बसतात. बँकांच्या भरतीत टक्के काढायचे ते सगळ्या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांतल्या मिळालेल्या मार्कांना एकूण मार्कांनी भागून; शिवाय ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमी, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तरचे ५५ टक्के लागतात, खुल्या गटाला, तेही गोल न करता. म्हणजे त्या खिडकीवर ६६.४ वाली बहीण पुढे, ६०.६ वाली मागे. आणि जिथे फॉर्मवर फक्त सीजीपीएचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीचा, रकाना आहे तिथे बरोबर उलट. खिडकी बदलली की हुशार कोण ते बदलतं.

मग पोरं सूत्रं शोधतात. कुणी तंत्रशिक्षण परिषदेचं लावतं: सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणा. त्या हिशेबाने पुतणीच्या या सेमिस्टरचे झाले ७२.५ टक्के. खरे ६०.६! सूत्र इंजिनीअरिंग-मॅनेजमेंटच्या कॉलेजांसाठी, आमच्या पट्टीशी त्याचा संबंध नाही, पण मोबाइलवर तेच पहिलं सापडतं. कुणाचा तरी मावसभाऊ सीबीएसईच्या दहावीला कधीकाळी असलेलं साडेनऊने गुणायचं सूत्र सांगतो, त्याने ७६ होतात. मुलाखतीत कुणी मार्कशीट उलटून पाहिली की याच मुलांवर टक्के फुगवल्याचा आळ.

हे सगळं प्रवेशाच्या वेळी कुणी मुलांना सांगितलेलं नसतं. नियम असतात, इंग्रजीत, कलम-उपकलमांसह, विद्यापीठाच्या परिपत्रकांत. आमच्याकडे येणारी मुलगी बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. तिला अंतर्गत आणि लेखी अशा दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं का, हेसुद्धा पहिली केटी लागल्यावर कळतं. मी यंदा एफवायच्या पहिल्या तासाला अकाउंट्सचं पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर दोन बहिणींचे मार्क लिहिले, नावं न घेता, आणि म्हटलं, काढा एसजीपीए. ७२ जणांच्या वर्गात एकालाही तो काढता आला नाही. काढून दाखवल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मग ६० च्या वर अभ्यास कशाला करायचा?”

पट्टी बदलायला वेळ लागेल हे मला समजतं. गुणांक मार्कांच्या प्रमाणात, दशांशात द्यायचे म्हटलं तर विद्या परिषद, परीक्षा मंडळ, परिपत्रक, मग जुन्या बॅचचं काय, अशी वरात निघते. निघू दे, पण तोवर एक ओळ छापा. एकूण मिळालेले मार्क, एकूण मार्क, टक्के. एसजीपीएच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत. मार्क विद्यापीठाच्या संगणकात आहेतच, बेरीज तोच करेल. फी वाढवावी लागणार नाही, समिती नेमावी लागणार नाही. आणि प्रवेशाच्या अर्जासोबत श्रेणीचे नियम एका पानावर, मराठीत, एका सोडवलेल्या उदाहरणासह द्या.

अधिसभेत आणि विद्या परिषदेत आमच्यासारख्यांच्या मतांवर निवडून गेलेली माणसं हे वाचत असतील. पुढच्या बैठकीला हा विषय घ्या. पुरावा लागला तर दोन्ही मार्कशीटची झेरॉक्स, घरच्यांना विचारून आणि नावं झाकून, मी द्यायला तयार आहे.