घरप्रपंच : गालिच्याला लागलेली कसर

उटनूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे. त्याचा सारांश असा. सासऱ्यांनी निजामशाहीच्या काळात हैदराबादेहून आणलेला एक लोकरी गालिचा त्यांच्या घरी आहे. सणावारी तो बैठकीत अंथरावयाचा आणि एरवी माळ्यावर गुंडाळून ठेवावयाचा, असा घरचा शिरस्ता. यंदा उलगडून पाहतात तो एका कडेला हाताच्या पंजाएवढे टक्कल पडलेले! त्याच माळ्यावरील दोन घोंगड्यांचीही तीच गत झालेली. घरात सूनबाईचे बाळंतपण अगदी जवळ आले आहे. तेव्हा माळ्यावर आणि कपाटांत डांबराच्या गोळ्या सढळ हाताने टाकाव्यात, की शेजाऱ्यांनी देऊ केलेले कपाशीच्या फवारणीचे उरलेले औषध शिंपडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आरंभीच देऊन टाकलेले बरे : दोहोंपैकी काहीही करू नये. गालिचा वाचविण्याचे मार्ग आहेत आणि ते स्वस्तही आहेत. परंतु ज्या घरात चार दिवसांनी तान्हे मूल येणार, त्या घरात हे दोन उपाय गालिच्यापेक्षा कितीतरी मोलाचे काही धोक्यात घालतील. त्याची कारणे पुढे येतीलच.

प्रथम शत्रू ओळखू या. आपण ज्याला सरसकट ‘कसर’ म्हणतो, डोंगरावरील प्रवचनात जिचा उल्लेख सर्वांनी ऐकला आहे, ती एकच एक कीड नव्हे. लोकर खाणाऱ्या किडी मुख्यत्वे दोन घराण्यांच्या. एक बारीक पतंग, फिकट सोनेरी किंवा करड्या रंगाचा, उजेड टाळून कोपऱ्याकोपऱ्याने फडफडणारा. दुसरा एक चिमुकला गोल भुंगेरा, तिळाएवढा, पाठीवर पांढरे, पिवळे व तपकिरी ठिपके असलेला. गंमत अशी की, हे दोघेही मोठेपणी निरुपद्रवी असतात. पतंगाला तर काही खाण्याजोगे तोंडच नसते. भुंगेरा फुलांतील पराग खातो आणि परसातील कोथिंबीर फुलावर आली की तेथे आनंदाने बसतो. नासधूस करतात ती त्यांची पिले, म्हणजे अळ्या. म्हणून उडणारा पतंग टाळी वाजवून मारल्याने फारसे काही साधत नाही. तोवर त्याच्या मादीने चाळीस-पन्नास अंडी लोकरीत घालून ठेवलेली असतात.

लोकर, केस, पिसे, शिंग, नख ही सारी केराटिन नावाच्या एकाच द्रव्याची बनलेली. गंधकाच्या दुव्यांनी त्याचे धागे एकमेकांना असे जखडलेले असतात की, जवळपास कोणत्याही प्राण्याला ते पचत नाही. या अळ्यांच्या पोटात मात्र ते दुवे तोडण्याची रसायनशाळाच आहे! तथापि नुसत्या स्वच्छ लोकरीवर त्यांचे नीट पोषण होत नाही. घामाचे डाग, सांडलेला चहा, तेलकट हात, लहान मुलाने केलेली शू यांतून त्यांना जीवनसत्त्वे व क्षार मिळतात. म्हणून कसर नेमकी मळक्या जागी लागते. पत्र पाठविणाऱ्या भगिनीने टक्कल पडलेली कड पुन्हा एकदा निरखावी. पूर्वी तेथे काही सांडल्याचे बहुधा घरात कोणाला तरी आठवेल.

येथे एक खूण सांगण्यासारखी आहे. हाताने विणलेल्या बहुतेक गालिच्यांचा ताणा-बाणा सुती असतो आणि लोकर असते ती केवळ वरच्या गाठींत. कसर लोकर खाते, सूत सोडून देते. तेव्हा टक्कल पडूनही खालची सुती जाळी शाबूत असेल, तर चोर कसरच. उलट खालचे सूतच कुरतडलेले असेल, गालिचा हातात धरताच फाटत असेल आणि जमिनीवर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील, तर ती वाळवी. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या घरांत हा प्रकार अधिक होतो आणि त्याचा इलाज निराळा. गालिचा जमिनीवरून उचलून लाकडी पाटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे ही त्याची पहिली पायरी. गालिच्यावर रेशमासारखी जाळी किंवा लोकरीच्याच रंगाच्या बारीक नळकांड्या दिसल्या तर अपराधी पतंगाची अळी. जाळी नाही, परंतु तांबूस केसाळ कातीचे रिकामे तुकडे सापडले, तर भुंगेऱ्याची. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी करडी पिशवी संथपणे सरकताना पुष्कळांनी पाहिली असेल. तीही याच पतंगांच्या गोतावळ्यातली.

केसाळ अळीवरून आठवले. तेलुगू भाषेत केसाळ सुरवंटाला ‘गोंगळी पुरुगू’ म्हणतात, म्हणजे घोंगडीचा किडा. बिचारा सुरवंट पाने खाऊन जगतो. त्याच्या अंगावरील केसांमुळेच त्याला हे नाव मिळाले असावे. उटनूरसारख्या गावी, जेथे मराठी, तेलुगू व गोंडी एकाच बाजारात कानी पडतात, तेथे हे नाव ऐकून घोंगडीचा खरा वैरी तोच, असा कोणाचा समज होऊ नये.

आता उपाय. आदिलाबाद जिल्ह्याला दोन देणग्या लाभल्या आहेत : तेलंगणात नावाजलेली थंडी, जिच्यामुळे घरोघरी घोंगडी लागते, आणि वैशाखातील ऊन, जे पारा ४५ अंशांच्या घरात नेते. या ऊनासारखे औषध नाही. साधारण ५५ अंश सेल्सिअसची उष्णता लोकरीत आतवर पोचली की अंडी, अळ्या, कोष सारे मरतात. हवेचा पारा तेथवर जात नसला तरी भर दुपारी काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट लपेटलेली घोंगडी सहज तितकी तापते. मात्र नुसते दोरीवर टाकून काम भागत नाही. अळी उजेडाला भिते. वरची बाजू तापली की ती खालच्या बाजूला उतरते आणि संध्याकाळी आपण तिला सन्मानाने पुन्हा घरात आणतो. म्हणून गालिचा बाजेवर पसरावा, तासा-तासाने उलटावा, आणि सुती बाजूने काठीने चांगला झोडपावा. तीन दिवस हा क्रम चालवावा. रंग जुने असतील तर लोकरीची बाजू फार वेळ उन्हात ठेवू नये, ते उडतात. झोडपताना नाकातोंडावर पदर बांधावा, कारण भुंगेऱ्याच्या अळीचे केस त्वचेला खाज आणतात व श्वासातही त्रास देतात. खाली पडलेला केर परसात झाडून न टाकता जाळून टाकावा. गर्भवती सुनेला या कामापासून दूर ठेवावे, हे निराळे सांगावयास नको.

पत्र आले आहे ते पावसाळ्यात. मग मे महिन्यापर्यंत काय करावे? ऊन पडेल त्या दिवशी झोडपणे व उलटणे चालूच ठेवावे. त्याने अंडी मरत नसली तरी पुष्कळशी झडून जातात. शाली, स्वेटर, लहान घोंगडी यांना शीतपेटीचा उपाय लागू पडतो. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधावी आणि उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नये. वस्तू खोलीइतकी कोमट झाली म्हणजे सोडावी, नाहीतर दव धरून लोकर भिजते. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड नसतो. गावात आइस्क्रीम विकणाऱ्याची मोठी शीतपेटी असते. भीड खर्च करण्यासारखी ती जागा आहे.

आता डांबराच्या गोळ्यांविषयी. या गोळ्या नॅप्थॅलीनच्या. त्यांची वाफ कीड मारते हे खरे, परंतु ती कोंडून राहील अशा घट्ट झाकणाच्या पेटीतच. उघड्या माळ्यावर किंवा गालिच्याखाली टाकल्यास कीड जगते आणि वाफ मात्र घरातील माणसांच्या छातीत जाते. तान्ह्या मुलाला तिचा धोका विशेष. काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या एका पाचकाची उणीव जन्मजात असते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत ती अधिक आढळते, आणि उटनूर हा तशाच पट्ट्यातला गाव. अशा मुलाला गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळले, तर तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ वाढते, आणि ती मेंदूपर्यंत पोचली तर मूल जन्माचे अधू होते किंवा दगावते. आपल्याकडे बाळाला तेल चोळण्याची चाल आहे. नॅप्थॅलीन तेलात विरघळते, त्यामुळे तेल लावलेल्या त्वचेतून ते अधिकच शिरते. म्हणून आजीने जपून ठेवलेली जुनी दुपटी, झबली, कुंच्या पेटीतून काढल्या असतील व त्यांना गोळ्यांचा वास येत असेल, तर त्या वापरू नयेत. नवी नरम सुती लुगडी फाडून दुपटी करावीत. बाळाचे डोळे पिवळे दिसले, रंग फिका पडला, लघवी चहासारखी गडद झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे आणि घरात या गोळ्या असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रांगत्या मुलांना तर त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्या पेपरमिंटच वाटतात.

कपाशीच्या औषधाविषयी काय लिहावे? पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडो इस्पितळात पडले. ते उघड्या शेतात होते. तेच विष बंद खोलीत, ज्यावर माणसे बसणार, मुले लोळणार, त्या गालिच्यावर शिंपडणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. लोकरीत मुरलेले विष धुऊनही पुरते जात नाही. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी माळ्यावर ठेवा म्हणाला, तर त्याहून भयंकर. दमट हवेत त्यांतून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही.

वडीलधाऱ्यांना डी.डी.टी.ची पांढरी भुकटी आठवत असेल. १९३९ साली पाउल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला तिचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. एके काळी ती घराघरांत अंथरुणाखालीही टाकली जात असे. पुढे तिचे दोष ध्यानी आले आणि १९८९ साली भारतात शेतीसाठी तिचा वापर बंद झाला. कोठे जुना डबा सापडला तर तो उघडू नये.

कडुलिंबाचा पाला आणि वेखंड यांविषयी आपल्या स्त्रियांची मोठी श्रद्धा आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. कडुलिंबाने कित्येक किडींची खाण्याची वासना उडते. परंतु हे पहारेकरी आहेत, शिपाई नव्हेत. आधीच घुसलेल्या अळीला ते बाहेर काढीत नाहीत. गालिचा तापवून, झोडपून, स्वच्छ झाल्यावर त्यात वाळलेला पाला व वेखंडाचे तुकडे पुरचुंडी करून ठेवावेत आणि दोन-तीन महिन्यांनी बदलावेत. घोंगडी ठेवण्यापूर्वी रिठ्याच्या पाण्यात धुऊन खडखडीत वाळवावी. गालिच्याची घडी घालू नये. जुन्या स्वच्छ धोतरात घट्ट गुंडाळून दोन्ही तोंडे बांधावीत.

माळाही तपासला पाहिजे. कौलारू घरात वळचणीला चिमण्यांची जुनी घरटी, गांधीलमाश्यांचे रिकामे पोळे, मेलेली पाल असे काही हटकून असते, आणि भुंगेऱ्याची पैदास मुळात तेथेच होते. पिले उडून गेलेली घरटी काढून टाकावीत. हे न करता गालिचा कितीही झोडपला तरी वर्षाने तोच प्रसंग.

सूनबाईच्या खोलीत यंदा लोकरी काही अंथरूच नये. सुती सतरंजी कसर सहसा खात नाही आणि ती आठवड्याला धुता येते. तेलंगणातीलच वरंगळच्या सतरंज्या प्रसिद्ध आहेत. २०१८ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. गालिच्याच्या टकलाचे म्हणाल तर खालची सुती जाळी शाबूत आहे, असे पत्रावरून दिसते. तसे असेल तर जाणकार कारागीर त्याच रंगाच्या लोकरीच्या गाठी नव्याने बांधून देतो. परंतु ते काम उन्हाळ्यानंतर करवावे. जिवंत अळ्या असताना नव्या गाठी बांधणे म्हणजे त्यांना ताजे ताट वाढून देणे.